आबांच्या वहीतले दोन तुकाराम

वही रोजकीर्दीची आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची, तालुक्याच्या पेठेत अजूनही मिळते तशी. पहिल्या चार पानांवर शेंगांचा हिशेब आहे: कुणाला किती पायली दिल्या, कुणाकडून किती यायच्या. पाचव्या पानावर एकदम 'श्री' काढून अभंग सुरू होतात, ते थेट मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूपर्यंत. शेवटच्या अभंगाला जागा पुरली नाही म्हणून त्याचं एक चरण आडवं, समासात घातलंय.

आबा म्हणजे माझे आजोबा. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या दिंडीत विणेकरी होते. शाळा चौथीपर्यंत. अक्षर मात्र असं, की तलाठ्यानं अर्ज लिहायला बोलवावं. ते गेले तेव्हा मी नववीत होतो आणि वही कुणाच्या लक्षातही नव्हती. दोन वर्षांपूर्वी माळवदाची दुरुस्ती काढली, तेव्हा फडताळातून ती निघाली. मी पुण्याला घेऊन आलो आणि रोज रात्री जेवणानंतर दोन-तीन अभंग टंकायचे, असं सुरू केलं. एकूण दोनशे अकरा भरले. बहुतेक तुकोबांचे, थोडे नामदेवांचे, जनाबाईचे, एकनाथांचे पाच-सहा.

एकशे चाळिसावा हा असा आहे:

नांगरिलें शेत जरी । कुंदा राहिला अंतरीं ॥
येतां पावसाची सर । माथा काढी तो सत्वर ॥
तुका म्हणे आतां तरी । फाळ फिरो मनावरी ॥

कुंदा म्हणजे शेतातलं चिवट तण. हा अभंग कुठल्याच गाथेत सापडेना.

'कुठल्याच गाथेत' हे म्हणायला सोपं आहे. गाथा एक नाही. मुंबई सरकारच्या मदतीनं विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादन केलेली आवृत्ती १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली, तिच्यात ४६०० च्या वर अभंग. विष्णुबुवा जोगांच्या आवृत्तीत ४१०० च्या आसपास. तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भाव्यांनी 'अस्सल' म्हणून जी गाथा छापली, तिच्यात जेमतेम १३००. म्हणजे तुकारामांचे अभंग किती, या साध्या प्रश्नाला तीन हजारांचा फरक असलेली उत्तरं आहेत आणि तिन्ही पुस्तकं श्रद्धेनं डोक्याला लावली जातात. त्यातच 'तुकयाबंधु म्हणे' अशा मुद्रेचे, म्हणजे धाकट्या भावाचे, कान्होबांचे अभंगही त्याच गाथेत बसलेले. आणि खुद्द तुकोबा काय म्हणतात? 'फोडिलें भांडार धन्याचा हा माल । मी तंव हमाल भारवाही'. लेखक कोण, हे विचारायला जावं तर लेखक हमाली सांगून मोकळा.

शोधण्याचीही गंमत सांगतो, कारण माझा पहिला महिना त्यातच गेला. नेटवर गाथेची टंकलेली संहिता मिळते. पण संगणकाला अर्थ कळत नाही, त्याला फक्त अक्षरांमागचे आकडे दिसतात. 'नांगरिलें' शोधलं की 'नांगरिले' दिसणार नाही. 'तोचि साधु' शोधलं तर ज्या संहितेत 'तो चि साधु' असं सुटं छापलंय ती हात वर करते. 'वाऱ्या' हा शब्द तर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो, पडद्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच, यंत्राला मात्र परके. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली एक फाईल एका ओळखीच्या कीर्तनकारांनी मोठ्या प्रेमानं पाठवली. ती उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. ती युनिकोडात आणली तेव्हा निम्मे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. डीटीपी करणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांची निम्मी हयात यातच गेली.

तरीही, सगळं साफसूफ करून, वेगवेगळ्या रूपांत शोधून, अभंग मिळाला नाही तो नाहीच. मग मनात आलं ते कुणाच्याही आलं असतं. आमचं नदीकडचं काळं रान कुंद्यानं भरलेलं. आबांनी आयुष्यभर तो खणून काढला, आणि दर पावसाळ्यात तो परत. मग हा अभंग आबांचाच नसेल कशावरून?

कुंद्यावरून काही ठरत नाही हे मलाही कळत होतं. तुकोबांच्या घरीही शेती होती. शिवाय विषयाचे शब्द कुणीही कुणाचे उचलतो. लेखक ओळखायची जी शास्त्रीय रीत आहे, तिचा सगळा भर उलट्या बाजूला, म्हणजे कुणाचंच लक्ष नसतं अशा बारक्या शब्दांवर असतो. ही कल्पना पहिल्यांदा सुचलेल्यांत ऑगस्टस डी मॉर्गन हा गणिती येतो. जन्मानं मदुराईचा, बरं का. १८५१ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं सुचवलं, की शब्दांची सरासरी लांबी मोजून बघा, बायबलातली पत्रं एकाच्या हातची की दोघांच्या, हा वाद कदाचित मिटेल. पुढे अमेरिकेत 'फेडरलिस्ट' नावाच्या ८५ निबंधांवर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला. अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेची बाजू मांडणारे हे निबंध १७८७-८८ मध्ये टोपणनावानं छापले गेले होते. त्यातल्या १२ निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोन राजकारण्यांचा, दोघांचाही दावा. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी राज्यघटना, संघराज्य असले भारदस्त शब्द बाजूला ठेवले आणि 'अपॉन', 'व्हाइल्स्ट' असल्या चिल्लर शब्दांची मोजदाद केली. हॅमिल्टन हजार शब्दांत तीनेक वेळा 'अपॉन' लिहायचा, मॅडिसन जवळजवळ नाहीच. सुरुवातीची मोजणी हातानं, कागदाच्या चिटोऱ्यांवर चालली होती. कुणी जोरात श्वास सोडला तरी सगळे चिटोरे उडायचे, असं मोस्टेलरनंच सांगून ठेवलंय. १९६४ साली पुस्तक आलं आणि बाराही निबंधांचं माप मॅडिसनच्या पदरात पडलं.

मी नोकरीत दिवसभर आकडेच हाकतो. मला वाटलं, आपण हे एका रविवारात करू.

एकट्या कुंद्याच्या अभंगाचं काहीच करता येणार नव्हतं. त्यात वीस शब्द. त्यातले चिल्लर चार: जरी, तो, आतां, तरी. चार शब्दांवर कुणाची ओळख पटत नसते, हजारोंनी लागतात. म्हणून मी आधी वहीचा स्वभाव बघायचं ठरवलं. वहीच्या क्रमानं दहा-दहा अभंगांचे गठ्ठे केले, पन्नासेक बारके शब्द निवडले. परी, पण, मज, मला, जैसा, जसा, तैसा, मग, तंव, आणीक, काय, ऐसें, असं. शब्दाला चिकटलेले 'च', 'चि' आणि 'ही' सोडवून वेगळे केले. हे मराठीतलं खरं किचकट काम, कारण आपल्याकडे लकबी शब्दाच्या शेपटीला लटकतात. मग यंत्राला सांगितलं, सारखे दिसणारे गठ्ठे जवळ ठेव.

पडद्यावर दोन ढीग पडले. इतके स्वच्छ, की मी खुर्चीतून उठलोच. एका ढिगात 'परी', 'मज', 'जैसा'. दुसऱ्यात 'पण', 'मला', 'जसा'. दोन्ही ढिगांत 'तुका म्हणे'. यंत्र सरळ सांगत होतं की या वहीत दोन तुकाराम आहेत.

ती एक संध्याकाळ मी फार खुशीत होतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्या ढिगातले अभंग गाथेत आहेत का?" बघितले. होते. कुंद्याचा एक सोडला तर तुका म्हणे असलेले सगळेच होते. छापील गाथेत त्यांच्यात 'परी' होतं, 'मज' होतं. आबांच्या वहीत 'पण' आणि 'मला' झालं होतं.

आता वही परत हातात घेतली आणि पहिल्यांदा ती वाचली. टंकणं वेगळं आणि वाचणं वेगळं. पहिल्या ढिगातल्या पानांवर अक्षर संथ, ओळ सरळ, शाई एकसारखी, आणि केलें, तें, आतां, घरीं असे जुन्या वळणाचे अनुस्वार जागच्या जागी. दुसऱ्या ढिगातल्या पानांवर पेन्सिल जास्त, खाडाखोड जास्त, अनुस्वार गायब. पहिले आबांनी कुठल्या तरी छापील पुस्तकावरून उतरवले होते. दुसरे ऐकून. कीर्तनात, वारीच्या मुक्कामाला, कुणाच्या तरी चालीवर डोलताना कानात बसलेले, घरी आल्यावर कंदिलाच्या उजेडात आठवून लिहिलेले. माझे दोन तुकाराम म्हणजे आबांचा डोळा आणि आबांचा कान.

आणि हे घडलं कसं, तेही त्या शब्दांतच दिसतं. अभंगात मोजायची ती अक्षरं. 'परी' दोन अक्षरी, 'पण' दोन अक्षरी. 'मज' आणि 'मला', 'जैसा' आणि 'जसा', 'तैसा' आणि 'तसा', सगळ्या जोड्या बरोबरीच्या. एक काढून दुसरा घातला तर टाळ चुकत नाही, मृदंगाला पत्ता लागत नाही. यमकाचा शब्द मात्र कुणी हलवू शकत नाही, हलवला तर समोरचा टाळकरीच वर बघेल. म्हणजे जे ठळक, ते तोंडातोंडी तीनशे-साडेतीनशे वर्षं शाबूत राहतं. आणि जे बारकं, तेच प्रत्येक गाणाऱ्याच्या जिभेवर त्याच्या काळाचं होऊन जातं. तिकडे हॅमिल्टनला ज्या शब्दांनी पकडून दिलं, ते त्याच्या हातून निघाले आणि छापखान्यात जाऊन थिजले. आमच्याकडे त्याच जातीचे शब्द सगळ्यात आधी वाहून जातात. बारके शब्द मोजून मी तुकारामांकडे पोचलोच नव्हतो, वाटेत आबा बसले होते. आणि आबांच्या मागे ज्यांच्याकडून त्यांनी ऐकलं ते. अनुस्वारांचं तर आणखीच. १९६२ पासून शुद्धलेखनाचे नियम बदलले, न उच्चारलेले अनुस्वार गेले. त्यानंतर कुणी जुना मजकूर नव्या वळणानं छापला असेल तर 'तें' की 'ते' यावरून फार तर छापणाऱ्याचं वय कळेल.

नंतर वाचताना लक्षात आलं, की हा घोळ काही मी पहिल्यांदा घातलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावानं 'सुधारक'मध्ये लेख लिहून मांडलं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे वेगळे. त्यांचा एक मोठा मुद्दा भाषेचा. ओवी इतकी जुनी आणि अभंग इतके सोपे, कालपरवाचे वाटणारे, हे एका माणसाचं कसं असेल? महाराष्ट्रात खळबळ उडाली. विरोधकांनी दिलेलं एक उत्तर असं, की ज्ञानेश्वरी पोथीत राहिली, अभंग वारकऱ्यांच्या तोंडी राहिले, म्हणून त्यांची भाषा झिजत-झिजत नवी झाली. मी लहानपणी हा वाद ऐकला होता तेव्हा हे उत्तर मला पळवाट वाटायचं. माझ्या पडद्यावरचे दोन ढीग बघितल्यावर ते इतकं सोपं उडवून लावता येईना. भारद्यांचे बाकीचे मुद्दे यानं मिटत नाहीत, हेही खरं. ज्ञानेश्वरीत विठ्ठल दिसत नाही आणि अभंगांत तो ओळीओळीला, हे काही जीभ झिजल्यानं होत नाही.

नाममुद्रेवर विसंबावं तर तीही अशीच. 'नामा म्हणे' म्हणणारे एकाहून अधिक झाले. सोळाव्या शतकातला, महाभारत रचणारा विष्णुदास नामा आणि संत नामदेव यांची सरमिसळ सोडवता सोडवता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. एकनाथ तर 'एका जनार्दनीं' म्हणून स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडूनच ठेवतात. मुद्रा ही सही आहे असं आपण आज धरून चालतो, कारण आपल्याला चेकबुक माहीत आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या बाबतीत याच गोष्टीवरून केवढा खल झाला! आर. शामशास्त्रींना म्हैसूरला १९०५ साली त्याची पोथी मिळाली, १९०९ मध्ये ग्रंथ छापला गेला. त्यात जागोजागी 'इति कौटिल्यः' येतं, असं कौटिल्य म्हणतो. यावरून काही युरोपीय पंडितांना शंका आली, की स्वतःच लिहिणारा माणूस स्वतःचं नाव असं तिऱ्हाइतासारखं कसं घेईल? हे एखाद्या वारकऱ्याला विचारलं असतं तर तो हसला असता. मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती करणारे रा. प. कंगले कौटिल्याच्याच बाजूचे. १९७१ मध्ये टॉमस ट्राउटमन यांनी मात्र ग्रंथातल्या 'च', 'वा', 'एव' अशा अव्ययांची मोजणी करून हा ग्रंथ एकहाती नाही असा निष्कर्ष काढला. तिथे ही रीत चालते असं मला वाटतं, निदान अभंगापेक्षा पुष्कळ बरी. गद्य आहे, लांबलचक आहे, कुणी चिपळ्या घेऊन ते गात नाही.

मला मात्र जास्त जवळचे वाटले ते दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्याचे, पेशानं गणिती. संख्याशास्त्र कोळून प्यायलेला हा माणूस संस्कृत कवी भर्तृहरीच्या श्लोकांपुढे बसला तेव्हा शब्द मोजत बसला नाही. त्यानं पोथ्या गोळा केल्या. देशभरातल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या, शेकड्यांनी. कोणता श्लोक किती शाखांच्या पोथ्यांत आहे, कुठल्या प्रदेशात तो कधीच पोचला नाही, हे लावत-लावत १९४८ साली त्यांनी भर्तृहरीच्या नावावरचे सगळे श्लोक ढिगांत वाटून दाखवले. सगळीकडे सापडणारे म्हणून भरवशाचे असे दोनशे, बाकीचे संशयित किंवा मागून आलेले. आधी हात मोजायचे, मग शब्द. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ पासून १९६६ पर्यंत याच चिकाटीनं चाललं. मी एका रविवारात उरकायला निघालो होतो.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी पैठणला एकनाथ. शके १५०६, म्हणजे १५८४. ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून त्यांनी पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं, की ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मराठी ओवी घुसडील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. असं बजावायची वेळ आली, म्हणजे करवंट्या ठेवणारे भरपूर असणार. आज व्हॉट्सॲपवर तुकोबांच्या, पुलंच्या नावानं रोज सकाळी जे येतं ते बघितलं की नाथांची आठवण होते. आता तर यंत्राला सांगितलं की ते अर्ध्या मिनिटात 'तुका म्हणे' लावून अभंग करून देतं. मी करून बघितला. अक्षरं मोजली तर दोन चरणांत जास्त भरली.

तर कुंद्याचा अभंग. वहीत तो पहिल्या ढिगातल्या पानांवर आहे. संथ अक्षर, शाई, 'नांगरिलें', 'आतां', 'अंतरीं', सगळे अनुस्वार जागेवर. म्हणजे आबांनी तो कुठल्या तरी लिहिलेल्या किंवा छापलेल्या कागदावरून उतरवला असावा, आणि मग तो त्यांचा नाही. किंवा त्यांनी तो स्वतः केला आणि गाथेत शोभावा म्हणून गाथेचे कपडे चढवले. चौथी शिकलेला, पण हयातभर गाथा वाचलेला माणूस हे सहज करू शकतो.  यातलं खरं कुठलं, हे मी भिंग घेऊनही ठरवू शकलो नाही.

मार्गशीर्षात म्हसवडला आत्याकडे गेलो. ती आबांची थोरली लेक, ऐंशीची. डोळ्यांनी अधू, गळा खणखणीत. मी वही वाचून दाखवत होतो. कुंद्याचं पहिलं चरण म्हटलं आणि तिनं पुढचं उचललंच, चालीवर. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. शेवटाला आली आणि म्हणाली,

"नामा म्हणे आता तरी, फाळ फिरो मनावरी."

"आत्या, नामा? वहीत तुका आहे ग."

"आसंल."

"मग कुणाचा आहे हा? आबांनी केलेला का?"

"आरं, आबा कशाला करतील? आबा म्हणायचं."

"आणि आबांना कुणी शिकवला?"

तिनं जरा विचार केला. "शेंगा काढताना म्हणायचो आम्ही समदी," म्हणाली, आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

पुण्याला आल्यावर मी वहीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवले. 'मुद्रा' होताच, त्यापुढे 'हात' आणि 'तोंड'. एकशे चाळिसाव्या ओळीत मुद्रा: तुका (वही), नामा (गायन). हात: आबा, शाई. तोंड: आत्या. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, माझं नाव कशाला घालतोस, तुझ्या बारक्या चुलतीला माझ्यापेक्षा चांगला येतो. चुलती बार्शीला असते. तिच्याकडे जायचं राहिलंय. एका अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वही चढवायची म्हटली तर तिथल्या अर्जात 'लेखक' या रकान्यापुढे लाल फुली आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. त्यामुळे सध्या तरी फाईल माझ्याच लॅपटॉपवर आहे.